जिताडा माशाच्या खाद्यात सोया डीओसी किती घालावी? घटक निवडीविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सांवेर रोडवर आपल्या कुटुंबाचा सोयाबीनचा सॉल्व्हंट प्लांट, म्हणजे द्रावकाने तेल काढण्याचा कारखाना, आहे. रत्नागिरीकडे आपले मामेभाऊ खाडीतील पिंजऱ्यांत जिताडा वाढवतात आणि त्यांच्या एकूण खर्चातील अर्ध्याहून अधिक रक्कम खाद्यावर जाते. तेव्हा इंदुरात सहज मिळणारी सोया डीओसी (तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड) मुख्य घटक धरून, जोडीला सरकी, मोहरी किंवा शेंगदाण्याची पेंड घेऊन आणि मासळीच्या तेलाऐवजी जवसाचे तेल वापरून हे खाद्य येथेच तयार करता येईल का, आणि घटक निवडताना नेमके काय पाहावे, असे आपण विचारले आहे.

सोया डीओसी जरूर वापरावी, परंतु एकूण खाद्याच्या साधारण पाव भागापर्यंतच, आणि तीही चांगली भाजलेली व कमी तंतूची. बाकीच्या तीन पेंडींना या खाद्यात जवळपास जागा नाही. जवसाचे तेल थोडे चालेल, पण मासळीच्या तेलाची जागा ते घेऊ शकणार नाही. या उत्तरामागचे कारण समजून घेणे आपल्याला अधिक उपयोगाचे ठरेल, कारण बाजारभाव दर महिन्याला बदलतात आणि माशाच्या पोटाची गरज मात्र बदलत नाही.

इंदूरच्या बाजारातील डीओसीचा मोठा गिऱ्हाईक कोंबडी खाद्याचा धंदा आहे, त्यामुळे आपल्याकडे खाद्याचा विचार नकळत कोंबडीच्या हिशेबाने होतो. ब्रॉयलरच्या खाद्यात प्रथिने साधारण २० टक्क्यांच्या आसपास असतात आणि निम्म्याहून अधिक भाग मक्याचा असतो. म्हणजे एक घटक काढून दुसरा घालायला तेथे भरपूर मोकळी जागा असते. जिताडा, कोबिया, पाँपानो यांसारख्या मांसाहारी माशांच्या खाद्यात ४२ ते ४५ टक्के प्रथिने आणि १० ते १५ टक्के चरबी लागते. जिताडा खाडीत राहतो, गोड्या पाण्यातही जगतो, पण त्याचे पोट मांसाहाऱ्याचेच आहे आणि पिष्टमय पदार्थ त्याला फारसे पचत नाहीत. त्यामुळे येथे घटकाचा भाव पाहण्याआधी तो किती जागा अडवतो हे पाहावे लागते, आणि माझ्या मते घटक निवडीचा हाच पहिला प्रश्न असला पाहिजे.

आकड्यांत पाहू. १०० किलो खाद्यात ४३ किलो प्रथिने हवी आहेत असे धरा. गोळी घट्ट बांधली जावी आणि ती तरंगावी किंवा संथपणे बुडावी, यासाठी सुमारे १८ किलो गव्हाचे पीठ लागते. त्यातून जेमतेम २ किलो प्रथिने येतात. बाहेरून घालायचे तेल ८ किलो आणि जीवनसत्त्वे, क्षार, लेसिथिन वगैरेंचे ३ किलो धरले. आता ४६ टक्के प्रथिनांची सोया डीओसी २५ किलो घातली, तर तिच्यातून साडेअकरा किलो प्रथिने येतील. उरलेल्या ४६ किलोंमधून साडेएकोणतीस किलो प्रथिने मिळवायची, म्हणजे त्या सर्व घटकांची सरासरी ६४ टक्के पडली पाहिजे. चांगले फिशमील (मासळीची सुकी भुकटी) आणि थोडे त्याहून घट्ट प्रथिनांचे घटक मिळून हे जमते. तीच सोया आपण ४० किलो केली, तर उरलेल्या ३१ किलोंना ७३ टक्के सरासरी गाठावी लागेल, आणि आपल्या किनाऱ्यावरचे कोणतेही साधे फिशमील ती देत नाही. सोया २५ किलोवरच ठेवून त्याखेरीज ३८ टक्क्यांची सरकीची पेंड १० किलो घातली, तर बाकीच्या ३६ किलोंची सरासरी ७१ टक्क्यांवर जाते. म्हणजे सरकीत किंवा मोहरीत विषारी द्रव्ये मुळीच नसती, तरीसुद्धा केवळ जागेच्या हिशेबाने त्या येथे बसल्या नसत्या.

दुसरा हिशेब खाद्याच्या किलोच्या भावाचा नसून एक किलो मासा वाढवायला आलेल्या खर्चाचा आहे. समजा, एका खाद्याचा भाव १२० रुपये असून त्यातील १.६ किलो घातल्यावर मासा एक किलोने वाढतो, आणि दुसऱ्याचा भाव १०० रुपये असून ते २.१ किलो लागते. पहिल्याचा खर्च १९२ रुपये आणि दुसऱ्याचा २१० रुपये होतो. शिवाय दुसऱ्या खाद्यावरचा मासा विक्रीच्या वजनाला उशिरा पोहोचतो तो तोटा वेगळाच. पाण्याचाही विचार करावा. माशाच्या एक किलो वजनात सुमारे १७० ग्रॅम प्रथिने साठतात. ४३ टक्क्यांच्या खाद्याचे १.६ किलो म्हणजे सुमारे ६९० ग्रॅम प्रथिने, तर २.१ किलो म्हणजे ९०० ग्रॅमहून थोडी अधिक. साठली त्याखेरीजची सगळी, मुख्यतः अमोनिया आणि विष्ठेच्या रूपाने, पिंजऱ्याखालच्या खाडीतच जाते. आपल्या मामेभावांच्या पिंजऱ्यांतील मासे त्याच पाण्यात श्वास घेतात, म्हणून न पचणारा स्वस्त घटक त्यांना दोनदा महाग पडतो.

आता फिशमीलविषयी. ते महाग असूनही सोडवत नाही याची कारणे अनेक आहेत: प्रथिने घट्ट, अमिनो आम्लांचा तोल माशाच्या शरीराशी जुळणारा, फॉस्फरस सहज मिळणारा, ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले सोबत आलेली, आणि वास असा की मासा खाद्यावर लगेच येतो. जगातील उत्पादन मात्र कित्येक वर्षे ५० लाख टनांच्या आसपास अडकलेले आहे आणि त्याचा मोठा आधार पेरूची अँकोव्हेटा मासळी आहे. एल निनोमुळे समुद्र तापला की ती दुरावते; २०२३ मध्ये तेथील पहिला मुख्य हंगाम रद्दच करावा लागला. आपल्याकडे वेरावळ, रत्नागिरी, मंगळूर या पट्ट्यांत फिशमील तयार होते, परंतु तारलीची आवक वर्षागणिक फार वरखाली होत असल्याने दर्जाही हलता राहतो. म्हणून फिशमील कमी करण्याचा आपला विचार दिशेने बरोबरच आहे. प्रश्न फक्त ते कशाने आणि कोणत्या पायरीने कमी करायचे एवढाच आहे.

फिशमील घेताना केवळ प्रथिनांच्या टक्क्यावर विसंबू नये. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. ज्या पदार्थात ४६ टक्के नायट्रोजन आहे तो युरिया एक टक्का मिसळला, तरी कागदावर प्रथिने जवळपास तीन टक्क्यांनी वाढतात. २००७ मध्ये अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यात मेलामाइन सापडले, तेव्हा हीच युक्ती गव्हाच्या ग्लुटेनमध्ये झाली होती. त्यामुळे प्रथिनांसोबत युरियाची तपासणी, आम्लात न विरघळणारी राख, मीठ आणि बाष्पशील नायट्रोजन यांचे आकडे मागावेत. राखेचा तो भाग २–३ टक्क्यांपलीकडे गेला, तर वाळवणावरची वाळू सोबत आली आहे असे समजावे. बाष्पशील नायट्रोजन जास्त असेल, तर मासळी दळण्यापूर्वीच सडू लागली होती. शक्य असेल तेथे वाळवलेल्या मासळीच्या भुकटीऐवजी वाफेवर शिजवून तयार केलेले फिशमील घ्यावे.

सोया हा आपला विषय असल्यामुळे येथे थोडे थांबतो. डीओसीत लायसीन हे अमिनो आम्ल चांगले असते, मेथिओनीन हे दुसरे अमिनो आम्ल कमी. १० किलो फिशमील काढून त्याच्या प्रथिनांइतकी सोया घालायची तर ती १३ किलो लागते. मेथिओनीन मात्र सुमारे १६० ग्रॅमवरून निम्म्यावर येते आणि ही ८० ग्रॅमची तूट बाहेरून भरावी लागते. फॉस्फरसचा साधारण दोन-तृतीयांश भाग फायटेट नावाच्या संयुगात बांधलेला असतो आणि माशाच्या पोटात तो सोडवणारे विकर नसते. फायटेट उष्णतेने जात नाही, उलट ते फोडणारे फायटेज हे विकर एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे उष्णतेने व दाबाने गोळी बनवणाऱ्या यंत्राच्या, उष्णतेने निकामी होते. म्हणून ते गोळी वाळल्यावर तेलाबरोबर फवारतात, किंवा सरळ मोनोकॅल्शियम फॉस्फेट घालतात.

भाजणी हा आपल्या हातातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. डीटीमध्ये (पेंडीतील द्रावक उडवून ती भाजणाऱ्या यंत्रात) भाजणी कमी झाली, तर ट्रिप्सिन रोखणारी द्रव्ये शिल्लक राहतात आणि मासा प्रथिने पचवू शकत नाही. जास्त झाली, तर लायसीन साखरेशी बांधले जाऊन वाया जाते आणि प्रयोगशाळेतील प्रथिनांचा आकडा मात्र तसाच राहतो. युरिएज चाचणीत पीएचमधील वाढ ०.०५ ते ०.२० असावी, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण ही चाचणी केवळ कमी भाजणी दाखवते. जास्त भाजणी ओळखण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातील प्रथिनांची विद्राव्यता पाहावी लागते, आणि ती साधारण ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असावी. माझा आग्रह असा की माशांसाठी जाणाऱ्या प्रत्येक लॉटसोबत हे दोन्ही आकडे द्यावेत. टरफल काढून केलेली, ४८ टक्के किंवा त्याहून अधिक प्रथिनांची डीओसी यासाठी वेगळी ठेवावी. जागेचा हिशेब पाहिला की या दोन टक्क्यांचे मोल लक्षात येते.

भाजणीने न जाणाऱ्या गोष्टीही सोयात आहेत. सोया पेंडीमुळे सामन माशाच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, हे १९९० च्या दशकातील अभ्यासांनी दाखवले, आणि त्यामागे सॅपोनिने ही साबणासारखा फेस करणारी द्रव्ये असल्याचे पुढे दिसून आले. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा न पचता आतड्यात जातात. जिताडा या बाबतीत सामनपेक्षा अधिक सोशीक आहे, परंतु बोटुकली अवस्थेत त्यालाही कमीच सोया द्यावी. नॉर्वेत १९९० च्या सुमारास सामनच्या खाद्यातील सुमारे ९० टक्के भाग फिशमील आणि मासळीच्या तेलाचा होता. २०२० पर्यंत तो एक-चतुर्थांशाच्या आत आला. सोयाने फिशमील हटवले याचा पुरावा म्हणून हे उदाहरण नेहमी सांगितले जाते. मात्र तेथे वापरली गेली ती मुख्यतः सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, म्हणजे अल्कोहोल आणि पाण्याने धुऊन शर्करा व सॅपोनिने काढलेली, ६० टक्क्यांहून अधिक प्रथिनांची सोया; साधी डीओसी नव्हे. इंदूरच्या प्रक्रिया उद्योगाने या फरकाकडे गांभीर्याने पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण कच्चा माल आपल्या दाराशी आहे आणि खंडवा रोडवरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेत या पिकाचे सखोल ज्ञान उपलब्ध आहे.

इतर पेंडींबद्दल थोडक्यात. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते आणि ते लायसीनला बांधते. मोहरीतील ग्लुकोसिनोलेट थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. शेंगदाण्याच्या पेंडीची प्रथिने चांगली आणि मासा ती आवडीने खातो, पण अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, धोका मोठा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीने, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील हॅचरींमधील ट्राउट माशांना यकृताच्या गाठी झाल्या त्या बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीने. हे विष एक्स्ट्रूडरच्या उष्णतेलाही बऱ्याच अंशी पुरून उरते. किनाऱ्याच्या दमट हवेत, पावसाळ्यात गोदामात पडून राहणाऱ्या खाद्यात हा धोका मी पत्करणार नाही. मका ग्लुटेन ६० टक्क्यांचे असून त्यात मेथिओनीन भरपूर आहे, त्यामुळे सोयाची उणीव ते भरून काढते. ५ ते ८ टक्के जरूर घ्यावे, मात्र त्याचा पिवळा रंग पाँपानोसारख्या चंदेरी माशात उतरू शकतो. कोंबडीच्या कत्तलखान्यातील ताज्या अवशेषांपासून नीट शिजवलेले मील हा माझ्या मते फिशमीलचा सर्वांत उपयुक्त जोडीदार आहे, कारण ते ६० टक्क्यांच्या वर प्रथिने देते. काळ्या सैनिकी माशीच्या अळीचे मील अलीकडे बरेच सुचवले जाते. ते वापरता येते, पण त्यातील कायटिनचा (कीटकाच्या कवचातील द्रव्याचा) नायट्रोजनही प्रथिनांत मोजला जात असल्यामुळे हिशेब ६.२५ ऐवजी ४.७६ च्या गुणकाने करावा, म्हणजे खरा भाव कळतो.

जवसाच्या तेलाविषयी आपण विचारले ते स्वाभाविक आहे, कारण मध्य प्रदेशात जवस भरपूर पिकते आणि त्यात ओमेगा-३ असल्याचे सर्वांना ठाऊक आहे. परंतु जवसात आहे ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे १८ कार्बनांची आखूड साखळी. आपल्या तळ्यांतील रोहू-कटला तिच्यापासून काही प्रमाणात लांब साखळीची आम्ले स्वतः तयार करू शकतात. समुद्री मांसाहारी माशांना पिढ्यान्‌पिढ्या ती भक्ष्यातून आयती मिळत आली आहेत, त्यामुळे त्यांच्या शरीरात हे रूपांतर नगण्य होते. जिताड्याच्या खाद्यात ईपीए आणि डीएचए मिळून साधारण १ टक्का तरी लागतात. ८ टक्के चरबीचे फिशमील ३० किलो असेल, तर त्यातून २.४ किलो चरबी येते आणि तिचा पाव भाग, म्हणजे सुमारे ०.६ किलो, या आम्लांचा असतो. उरलेले ०.४ किलो मिळवण्यासाठी तारलीचे तेल किमान दीड-दोन किलो घातलेच पाहिजे. मी थोडी सुरक्षित बाजू ठेवून ३ किलो सुचवीन. बाहेरून घालायच्या ८ किलोंपैकी बाकीचे ५ किलो सोयातेल किंवा जवसाचे तेल असू शकते. फिशमील कमी करत जाल तसे मासळीचे तेल वाढवावे लागते, हे सूत्र बांधताना अनेकदा विसरले जाते. शैवालापासून काढलेले डीएचएयुक्त तेल हा उत्तम पर्याय आहे, पण आज तरी ते हॅचरीतील पिल्लांच्या खाद्यापुरतेच परवडते.

वनस्पतिजन्य घटक वाढले की टॉरीन हे अमिनो आम्लासारखे पोषकद्रव्य कमी पडते, कारण ते वनस्पतींमध्ये नसतेच म्हटले तरी चालेल. जपानमध्ये सोयाप्रधान खाद्यावरच्या यलोटेल माशांचे यकृत हिरवे पडू लागले, त्यामागे टॉरीनची कमतरता होती. म्हणून फिशमील ३० टक्क्यांच्या खाली नेताना टॉरीनचा विचार करावा, आणि मासा तोंड फिरवू नये म्हणून स्क्विड मील किंवा मासळीचे हायड्रोलायसेट (विकरांनी विरघळवलेली मासळीची प्रथिने) २–३ टक्के ठेवावे. जिताड्याने गोळी तोंडात घेऊन थुंकली, तर बाकी सारा हिशेब निरर्थक ठरतो.

आपल्या मामेभावांना मधल्या काळात बाजारातील हलकी ओली मासळी घालण्याचा मोह होईल. तिच्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, काही जातींत थायामिन नष्ट करणारे विकर असते, आणि रोग थेट पिंजऱ्यात येतो. एक किलो वाढीसाठी ती पाच किलोंहून अधिक लागते. पूर्ण हंगाम तिच्यावर काढू नये.

प्रत्यक्ष कामाचा क्रम मी असा ठेवीन. पूर्ण खाद्याचा कारखाना इंदुरात उभारण्याची घाई करू नये. फिशमील आणि तेल किनाऱ्यावरून येथे आणायचे आणि खाद्य पुन्हा किनाऱ्यावर पाठवायचे, यात दोन्ही बाजूंचे भाडे अंगावर येते. आपला प्लांट ज्या दोन वस्तू उत्तम देऊ शकतो त्या आधी तयार कराव्यात: एकसारख्या भाजणीची, टरफल काढलेली डीओसी आणि गम वेगळे करताना मिळणारे लेसिथिन. समुद्री माशांच्या पिल्लांना लेसिथिनमधील फॉस्फोलिपिडांची गरज असते, आणि वाढत्या माशांच्या खाद्यातही १ ते २ टक्के लेसिथिन घातल्याने चरबी चांगली पचते. कोळंबीच्या खाद्यालाही ते लागते, त्यामुळे गिऱ्हाईक एकाच माशापुरते मर्यादित राहत नाही. त्यानंतर किनाऱ्याजवळच्या, दुहेरी स्क्रूचा एक्स्ट्रूडर असलेल्या एखाद्या खाद्य कारखान्याकडून ठरलेल्या फॉर्म्युल्यावर छोटी बॅच करून घ्यावी.

तिची चाचणी घेताना आपली डीओसी किती पचते हे आधी मोजून घ्यावे. पद्धत अशी की ७० भाग प्रमाण खाद्य आणि ३० भाग तपासायचा घटक एकत्र करून, त्यात न पचणारे खूणद्रव्य मिसळून विष्ठेतील प्रमाण पाहायचे. मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, चेन्नईची सिबा (केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्था) आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था या विषयात काम करतात, त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा. त्यानंतर पिंजऱ्यांत सोया १५, २० आणि २५ टक्के अशा तीन पायऱ्या, प्रत्येकी किमान तीन पिंजरे, आणि शेजारी सध्याचे खाद्य, अशी तुलना आठ ते दहा आठवडे चालवावी. एकाच पिंजऱ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण खाडीच्या प्रवाहातील जागेनेही वाढीत फरक पडतो. दर पंधरवड्याला वजन, रोजचे खाल्लेले खाद्य आणि मेलेले मासे यांची नोंद ठेवावी, आणि शेवटी काही मासे कापून यकृताचा रंग व आतड्याच्या शेवटच्या भागाची स्थिती पाहावी. वजन समाधानकारक असूनही आतडे सुजलेले दिसले, तर त्या पायरीवरून खाली यावे.

पहिल्या बॅचसाठी डीओसी पाठवताना एकाच दिवसाच्या उत्पादनातील पोती द्यावीत, आणि त्याच लॉटचा अर्धा किलो नमुना हवाबंद डब्यात आपल्याकडे ठेवावा, म्हणजे निकाल चांगला येवो की वाईट, तो नेमक्या कोणत्या भाजणीचा होता हे नंतर तपासता येईल.